पाहुण्याची पट्टी

लग्नाच्या रिसेप्शनला गाणारा एक मामा असतोच. बुफेची रांग ओसरत आली की कोणीतरी स्टेजकडे हात करून ओरडतं, "मामांचं एक गाणं झालंच पाहिजे!" मामा लाजतात, नको नको म्हणतात, आणि पुढच्याच मिनिटाला माईक असा घट्ट धरतात की तो सोडवून घ्यायला दोन माणसं लागावीत.

नगर-मनमाड रस्त्यावरच्या त्या लॉनवर त्या संध्याकाळीही एक मामा आले. रूथ उजागरेने कीबोर्डवरून मान वर करून विचारलं, "पट्टी कोणती घेता मामा?"

"पट्टी-बिट्टी तुम्ही बघा हो. आपण डायरेक्ट गातो."

"गा बिनधास्त. मी येते मागनं."

मामांनी सुरुवात केली. ध्रुवपद बरं गेलं, पण अंतऱ्याला आवाज वर चढेना. घसा ताणून त्यांनी कशीबशी ओळ संपवली आणि रुमालाने कपाळ पुसलं. मधलं म्युझिक सुरू झालं. रूथचा डावा हात कॉर्डवर होता, उजवा बासरीचा तुकडा वाजवत होता. तिने कुठलंही बटण दाबलं नाही. वाद्यानेच सूर खाली घेतला, तोही इतक्या अलगद की लॉनवर एकाही माणसाला ते जाणवलं नाही. दुसरा अंतरा मामांनी असा म्हटला की त्यांची बायको हातातली आइस्क्रीमची वाटी खाली ठेवून टाळ्या वाजवायला लागली.

"वा मामा," रूथ माईकवर म्हणाली, "रियाज चालू दिसतो!"

मामा स्टेजवरून उतरताना बोटभर उंच झाले होते.

पाहुणा स्टेजवर पडता कामा नये, हा रूथचा धंद्यातला पहिला नियम होता. मिशन कंपाउंडमधल्या पायपेटीवर ती बोटं ठेवायला शिकली, पुढे ऑर्केस्ट्रात गायली, आणि ऑर्केस्ट्रा मोडल्यावर एकटीनेच कार्यक्रम करू लागली. एकटीने म्हणजे अरेंजर कीबोर्ड घेऊन. डाव्या हाताने कॉर्ड धरायची, की आतून ढोलकी, बेस, गिटार आपापलं काम सुरू करतात. उजव्या हाताने धून वाजवायची, तोंडाने गायचं, आणि अधूनमधून बटण दाबून ताल बदलायचा. सहा माणसांचं काम एक बाई करायची आणि मधल्या वेळात पाणीही प्यायची.

पाहुणा गायला आला की ती ट्रान्सपोजचं बटण वापरायची. बोटं नेहमीच्या पट्ट्यांवर पडायची, सूर मात्र खालून यायचा. पाहुण्याला वाटायचं, आपला गळा आज मोकळा आहे. एकदा भिंगारच्या एका लग्नात नवऱ्याच्या काकांनी पडद्यावर वाकून उणे चार हा आकडा वाचला. "मला चार खाली उतरवलं?" असं म्हणून ते जेवणावरच रुसले. तेव्हापासून पाहुणा स्टेजवर आला की रूथ पडद्यावर स्वतःचा रुमाल टाकायची.

या बटणाचा एक शाप आहे. पाहुणा गेल्यावर ते शून्यावर आणायचं राहून जातं, आणि पुढचं गाणं भलत्याच सुरात सुरू होतं. प्रत्येक कीबोर्डवाल्याच्या हातून हे कधी ना कधी झालेलं असतं. रूथच्या हातून कधीच झालं नव्हतं. गाणं संपलं की तिची दोन बोटं अधिक आणि उणे ही दोन्ही बटणं एकदम दाबायची. ते तिच्या अंगवळणी पडलं होतं.

आता त्याचीही गरज उरली नव्हती. तिच्याकडे सांगाती होतं.

सांगाती पुण्याच्या एका छोट्या कंपनीने बनवलं होतं. त्यामागची कल्पना साधी होती. चांगला साथीदार गाणाऱ्याच्या मागोमाग जात नाही. तसं तो जाऊच शकत नाही, कारण कानावर पडलेला सूर मेंदूत जाऊन बोटापर्यंत उतरायला सेकंदाचा पाचवा भाग तरी जातो, आणि जलद ढोलकीत तेवढ्यात दोन ठोके होऊन जातात. म्हणून साथीदार अंदाज बांधतो. गाणारा आता थांबेल, आता उचलेल, हे तो आधीच ताडतो. दोन माणसं वर्षानुवर्षं एकत्र वाजवतात तेव्हा त्यांच्यात हाच अंदाज मुरलेला असतो.

सांगातीला तो अंदाज शिकता येत होता. माईकमधून ते गाण्याआधीचा श्वास ऐकायचं. श्वास किती खोल घेतला आणि किती घाईने, त्यावरून पुढच्या ओळीचा जोर त्याला कळायचा. पट्ट्यांखालच्या प्रकाशकिरणांमुळे बोट टेकण्याआधीच ते कुठे टेकणार हे त्याला दिसायचं. आणि पहिलं वर्षभर ते गप्प राहून मालकाच्या सवयी पाहायचं. कोणत्या प्रसंगी ही बाई काय करते, एवढंच त्याला शिकायचं असायचं. मग हळूहळू ते स्वतः तसं करू लागायचं.

रूथने ते आणलं त्या दिवशी एकच सेटिंग बदललं. पडद्यावर सुराचा आकडा दाखवायचा नाही. रुमाल टाकायची कटकट संपली.

ढोलकी तिच्या श्वासाबरोबर थांबायची, तिने ओळ रेंगाळवली की बेस मागे वाट बघत उभा राहायचा. पहिल्यांदा हे झालं तेव्हा ती गाता गाता हसली होती. नवरा प्रकाश, जो स्पीकर लावायचा आणि गाडी चालवायचा, तिला म्हणाला होता, "माझ्याकडे बघून कधी अशी हसली नाहीस."

"तुम्ही कधी समेवर आलात?"

तिचा कार्यक्रम नगरच्या सांस्कृतिक भवनाच्या महोत्सवात ठरला तेव्हा आयोजकांनी एक अट घातली. त्या वर्षांत गावोगावी एका माणसाचेच कार्यक्रम होत होते. एक खुर्ची, एक वाद्य, एक माईक. त्याला कंटाळून भवनाने नियम केला होता की महोत्सवात स्टेजवर निदान दोन माणसं वाजवणारी हवीत. पोस्टर मात्र त्यांनी आधीच छापलं होतं. 'तोच आवाज, तीच पट्टी. रूथ उजागरे.' काळी पाच ही रूथची पट्टी होती. बायकांच्या गळ्याला ती चांगलीच उंच. ऑर्केस्ट्राच्या दिवसांत निवेदक तिला बोलावतानाच सांगायचा, "काळी पाचमध्ये गाणार आहेत..." आणि मागच्या रांगेतून शिट्ट्या यायच्या.

"दुसरा माणूस कुठून आणू?" रूथने विचारलं.

"मी धरतो की खुळखुळा," प्रकाश म्हणाला.

"तुम्ही जिनासुद्धा तालात उतरत नाही."

दोघांच्याही मनात एकच नाव आलं.

अन्वर शेख ऑर्केस्ट्रात अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे. रूथने पहिला अरेंजर कीबोर्ड आणला तेव्हा बाकीचे भांडले, चिडले, शेवटी गेले. अन्वरभाई भांडले नाहीत. त्यांनी कीबोर्डवरच्या वाद्यांच्या यादीत अ‍ॅकॉर्डियन शोधलं, बटण दाबून एक सूर ऐकला आणि म्हणाले, "तुझ्या डब्यात मी आहेच की. मला कशाला गाडीभाडं देतेस?" त्यानंतर ते पेट्या दुरुस्त करायला बसले. रस्त्यात भेटले तर मुलाबाळांची विचारपूस व्हायची. गाण्याचं नाव निघायचं नाही.

रूथ त्यांच्या दुकानात गेली तेव्हा एक पेटी पोट उघडून पडली होती आणि अन्वरभाई सूर जुळवायला तिच्या पितळी रीड घासत होते. तिने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे नियमात बसायला माणूस पाहिजे."

"हो," रूथ म्हणाली. "आणि तो माणूस तुम्ही असावा असं पण आहे."

"डब्याबरोबर वाजवावं लागेल?"

"डब्याबरोबर आणि माझ्याबरोबर."

अन्वरभाईंनी रीडवर फुंकर मारली. "पट्टी?"

"विचारताय काय? काळी पाच."

"बरं. येतो रविवारी. बिर्याणी करशील तर लवकर येतो."

रविवारी दुपारी रूथच्या गच्चीवरच्या खोलीत अन्वरभाईंनी अ‍ॅकॉर्डियनचे पट्टे खांद्यावर चढवले. भाता उघडताना जुनं चामडं करकरलं. बोटांचे सांधे त्यांनी आधी एकेक करून मोडले. मग काळी पाचचा सा धरला. रूथने सांगातीवर तोच सा धरला.

खोलीत काहीतरी भयंकर ऐकू आलं. दोन सूर एकमेकांना धडका देत होते. जिन्यात चहा घेऊन येणारा प्रकाशसुद्धा थबकला, आणि त्याला संगीतातलं काही कळत नव्हतं.

"विसरलीस," अन्वरभाई म्हणाले.

"काय विसरले?"

"शून्यावर आणायला. काल कुठल्या मामाला गायला लावलंस?"

"मी? मी विसरेन?" रूथने दोन बोटांनी दोन्ही बटणं दाबली. परत सा धरला. धडका तशाच. "तुमचंच उतरलं असेल. किती वर्षं पेटीत बंद होतं ते?"

अन्वरभाईंनी खिशातून ट्यूनिंग फोर्क काढला. एकच अचूक सूर देणारा तो दोन दातांचा लोखंडी काटा ते कुठेही बरोबर न्यायचे, लोक चष्मा नेतात तसा. गुडघ्यावर आपटून त्यांनी तो टेबलाच्या फळीवर टेकवला. फळी गुणगुणू लागली, पांढरी सहाच्या सुरात. त्यांनी अ‍ॅकॉर्डियनवर पांढरी सहा दाबली. सूर सुरात मिसळला, जणू एकच वाद्य वाजत होतं.

"आता तू."

रूथने पांढरी सहा दाबली. सांगातीचा सूर खालून आला. थोडासा नव्हे, चांगलाच खालून.

"ह्या लोखंडाला म्हण खोटारडा," अन्वरभाई म्हणाले.

रूथने कंपनीला फोन लावला. सांगातीच्या मूळ गटातली एक इंजिनिअर, मुक्ता ढवळे, रविवार असूनही व्हिडिओवर आली. मागे तिचं मूल रंगीत खडू घेऊन भिंतीवर काहीतरी काढत होतं.

"मॅडम, तुमच्या पडद्यावर सुराचा आकडा बंद आहे. तो आधी चालू करा."

रूथने केला. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा उमटला. उणे एकशे त्र्याहत्तर.

"हे काय आहे?"

"दोन शेजारच्या सुरांमधल्या अंतराचे शंभर भाग करतात. त्या एका भागाला सेंट म्हणतात. तुमचं वाद्य मूळ जागेपासून एकशे त्र्याहत्तर सेंट खाली आहे. म्हणजे जवळजवळ दोन सूर."

"पण मी बटणं दाबून शून्यावर आणलं."

"ते ट्रान्सपोज शून्यावर आलं. ही त्याच्या खालची गोष्ट आहे. सांगातीने अख्खा पायाच हळूहळू उतरवलाय."

"बिघाड झालाय मग."

मुक्ताने तिकडे काही तपासलं. "मॅडम, बिघाड नाहीये. तुम्ही वरच्या सुराआधी श्वास कसा घेता हे ते ऐकतं. गेल्या वर्षभरात तो श्वास बदललाय. आधी घ्यावा लागतोय, जास्त घ्यावा लागतोय. त्यावरून त्याला कळलं की गाणाऱ्याला वरचा सूर जड जातोय. अशा वेळी काय करायचं, हे आम्ही त्याला शिकवलेलं नाही. आम्ही कारखान्यातून ते कोरं पाठवतो."

रूथच्या लक्षात आलं. तरी तिला ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. "मग कोणी शिकवलं?"

"तुम्ही. गाणाऱ्याचा गळा चढत नसेल तर सूर उतरवायचा, कळू न देता. पाहुण्याचं एकच गाणं असतं म्हणून तिथे ते पटकन करतं. तुम्ही रोजच गाता, म्हणून तुमच्यासाठी त्याने घाई केली नाही. एका कार्यक्रमात दोन-तीन सेंट. शेजारी दुसरं वाद्य नसेल तर एवढा फरक कुठल्याच कानाला कळत नाही."

दुसरं वाद्य नव्हतंच. ना स्टेजवर, ना घरात. एकटीच्या कार्यक्रमात बेसूर ठरवायला कोणी उरत नाही, हे रूथच्या इतक्या वर्षांत ध्यानात आलं नव्हतं.

"म्हणजे त्यानं मला पाहुणा समजलं," ती म्हणाली.

"त्याला पाहुणा आणि मालक यांच्यात फरक करता येत नाही मॅडम. त्याला फक्त गाणारा कळतो."

"मला विचारायचं तरी!"

"तुम्ही गाणाऱ्याला विचारायचात का?" मुक्ताच्या आवाजात टोमणा नव्हता, ती खरंच माहिती विचारत होती. "कारण विचारण्याचा एकही नमुना त्याला मिळालेला दिसत नाही."

अन्वरभाईंनी चहाचा कप तोंडाला लावला आणि तो बराच वेळ तिथेच ठेवला.

"शून्यावर आणा," रूथ म्हणाली. "पार मुळापासून."

पडद्यावर शून्य दिसलं. अन्वरभाईंनी सा धरला, रूथने सा धरला, आणि दोन्ही वाद्यं आता एका सुरात बोलली. ती गाऊ लागली. ध्रुवपद निघालं. अंतऱ्याची उंच जागा आली आणि तिचा आवाज तिथे पोचलाच नाही. आधी तो बारीक झाला, मग फाटला. तिने परत घेतलं, परत फाटला. तिसऱ्यांदा तिने तोंड उघडलं तेव्हा अन्वरभाईंनी भाता मिटला होता आणि ते खिडकीबाहेर कोणाच्या तरी टाकीकडे बघत होते.

ढोलकी मात्र तिची वाट बघत एका ठेक्यावर हळू हळू चालत राहिली. रूथने हात पुढे करून ती बंद केली.

"कार्यक्रम रद्द करा," ती प्रकाशला म्हणाली.

"पोस्टर लागलीत रूथ."

"त्यावर काय लिहिलंय वाचलंत ना? तीच पट्टी! वर्षभर लोकांना फसवत आले मी. नाही, मी नाही, ह्यानं मला फसवलं, आणि मी लोकांना."

"लोक खूश होते," प्रकाश म्हणाला.

"मामा पण खूश असतात!"

ती खोलीबाहेर गच्चीवर जाऊन उभी राहिली. खाली कॉलनीत कोणाच्या तरी घरी वाढदिवसाची तयारी चालली होती, फुगे बांधले जात होते. जरा वेळाने मागून खोलीतून एक सूर ऐकू येऊ लागला. कोणीतरी सांगातीची एकच पट्टी दाबून धरली होती. ती परत आत गेली तेव्हा अन्वरभाई वाद्यासमोर वाकून बसले होते, कान जवळजवळ स्पीकरला टेकलेला, आणि मुक्ता फोनच्या पडद्यावरून त्यांना काहीतरी दाखवत होती.

"ताई, आता परत उतरव," ते मुक्ताला म्हणाले. "पण तसंच, जसं त्यानं केलं तसं. फक्त भरभर."

सूर वाजत राहिला. खाली जात होता का? रूथने कान लावला. तिला तो आहे तिथेच वाटत होता. मग अन्वरभाईंनी अ‍ॅकॉर्डियनचा सूर जोडला तेव्हा कळलं की तो कुठल्या कुठे उतरून गेला होता.

"या अल्ला," अन्वरभाई म्हणाले. ते रूथकडे वळले. ज्या डब्याचं नाव त्यांनी इतकी वर्षं काढलं नव्हतं त्यावर त्यांनी तळहात ठेवला होता. "मी रीड घासतो ना, एकदा जरी जास्त घासलं गेलं की सूर उडी मारतो. माझा हात एवढा हलका नाही. कोणाचाच नसतो. एका बाईला तिच्याच गळ्यावरून जिना उतरवला, आणि एक पायरी लागू दिली नाही!"

"तुम्ही त्याचं कौतुक करताय?"

"मग काय करू? मी तुझ्या शेजारी असतो तर पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं असतं, बाई, आवाज उतरला."

"आणि मी तुम्हाला हाकलून दिलं असतं."

"दिलं असतंस. मग तू रागाने काळी पाचमध्येच किंचाळत बसली असतीस, आणि वर्षात गळा पार गेला असता. ह्यानं गळा राखला तुझा. गाऊन बघ आता. काळी चार. दोनच सूर खाली. मी पण तिथेच वाजवतो, माझ्या पेटीला काय, सगळ्या पट्ट्या सारख्या."

"कोणाला कळणार नाही म्हणताय?"

"मला कळलंय की आत्ताच. अजून कोणाकोणाला घाबरतेस?"

रूथ गायली. काळी चारमध्ये तिचा आवाज भरून आला. उंच जागा सहज आली, आणि खालच्या सुरांत एक जाडी होती जी तिच्या तरुणपणी नव्हती. वर्षभर लोक ह्यालाच टाळ्या देत होते, हे तिला गाता गाता कळलं.

गाणं संपल्यावर ती मुक्ताला म्हणाली, "माझा सूर आता कोणी सांभाळायचा नाही. ते बंद करा. उतरायचं झालं तर मी उतरेन, बघून उतरेन. आणि आकडे दाखवा. सगळे. मोठ्या अक्षरात."

"सूर सांभाळणं बंद केलं. ढोलकीचं, वेगाचं, ते पण बंद करू?"

"ते राहू द्या," रूथ म्हणाली. श्वासाबरोबर थांबणारी ती ढोलकी सोडणं तिच्याच्याने झालं नसतं.

महोत्सवाच्या संध्याकाळी भवन भरलं होतं. पुढच्या रांगांत ऑर्केस्ट्राच्या दिवसांतले लोक होते, आता केस पिकलेले, काही नातवंडांना घेऊन आलेले. निवेदकाने पोस्टरवरचं वाक्य वाचलं. तोच आवाज, तीच पट्टी. मागून एक शिट्टी आली, जराशी दमलेली.

रूथने माईक जवळ ओढला.

"पोस्टरवर अर्धं खरं लिहिलंय," ती म्हणाली. "पट्टी आता ती नाही. काळी पाच माझ्याच्याने होत नाही." तिने उजवीकडे बसलेल्या अन्वरभाईंकडे पाहिलं आणि ऑर्केस्ट्रात गायिका वादकांना सांगायची तसं मोठ्याने सांगितलं, "अन्वरभाई, काळी चार!"

तिसऱ्या रांगेतून एक म्हातारा आवाज आला, "गा हो बाई! आम्ही पण आता लिफ्टनेच येतो!"

सभागृह हसलं, आणि त्या हसण्यातच अन्वरभाईंनी भाता उघडला.

त्या संध्याकाळी रूथ मनापासून गायली. अ‍ॅकॉर्डियनचा सूर शेजारी खराखुरा थरथरत होता, आणि सांगाती दोघांच्याही श्वासांच्या बरोब्बर मध्ये चालत होतं. पडद्यावर दोन आकडे ठळक दिसत होते. सूर, उणे दोनशे. वेग, एकशे बत्तीस. ती मधूनच त्यांच्याकडे बघायची. आपलं सगळं उघड्यावर आहे, याचं तिला बरं वाटत होतं.

शेवटचं गाणं जलद होतं. त्याच्या मधल्या म्युझिकमध्ये अ‍ॅकॉर्डियनचा एक लांब, अवघड तुकडा होता. ऑर्केस्ट्रात लोक तेवढ्यासाठी यायचे. अन्वरभाईंनी तो उचलला. पहिली फेरी झोकात गेली. दुसऱ्या फेरीत रूथला ऐकू आलं की त्यांची बोटं मागे पडतायत. एक सूर उशिरा आला, मग दुसरा. भाता ओढताना त्यांनी दात आवळले होते. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने मांडीवरचा ठेका थांबवून मान वर केली.

आणि ढोलकी वाकली. कुठेही धक्का न बसता ठेका अन्वरभाईंच्या बोटांकडे सरकला. पडद्यावरचा आकडा एकशे बत्तीसवरून एकशे तीस झाला. मग एकशे सत्तावीस. मग एकशे चोवीस.

रूथचं बोट वेगाच्या बटणाकडे गेलं. चोरून सांभाळणं आता नको, हे तिनेच ठरवलं होतं. त्या बोटाला पुढचं काम ठाऊक होतं: दाबायचं आणि ठेका परत एकशे बत्तीसवर आणायचा.

तिने अन्वरभाईंकडे पाहिलं. त्यांचे दात सुटले होते. बोटं पुन्हा ठेक्यावर आली होती, एकामागून एक, स्वच्छ. चेहऱ्यावर ऑर्केस्ट्रातलं जुनं हसू आलं होतं. म्हातारा पुन्हा मांडीवर ठेका धरू लागला. मग तुकडा संपत आला तसे अन्वरभाई, वाजवता वाजवताच, डोकं तिच्या बाजूला कलवून पडद्याकडे बघायला लागले. आपण किती वेगात वाजवतोय, हे त्यांना बघायचं होतं.

रूथने डाव्या हाताने कॉर्ड तशीच धरून ठेवली. उजव्या हाताने कमरेचा रुमाल काढला, कपाळ पुसलं, आणि तो पडद्यावर टाकला.

टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत. अन्वरभाईंनी घाम पुसला आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "बघितलंस? एक सूर सुटला नाही. बोटं अजून तशीच चालतात."

"बघितलं ना," रूथ म्हणाली. "रियाज चालू दिसतो."